नव्या माशांचं विलगीकरण: डिसेंबर ते मार्च

आमच्या घरी पाच फुटी टाकी आहे आणि तिच्यात पाच क्लाउन लोच आहेत. माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, २०११ साली बोटभर लांबीची पिल्लं आणली होती. आता त्यातला सगळ्यात मोठा वीतभराहून लांब आहे. नीट सांभाळले तर हे मासे वीस-पंचवीस वर्षंही जगतात. पण लोचचे खवले अगदी बारीक, त्वचा नाजूक. टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे इक, आला तर पहिला त्यांच्यावरच येतो, आणि बाकीच्या माशांना चालणारी बरीच औषधं त्यांना अर्ध्या मात्रेतच द्यावी लागतात. त्यामुळे त्या टाकीत काही नवं सोडायचं म्हटलं की नाना नकोच म्हणायचे.

तरी वरच्या थरातलं पाणी रिकामं दिसायचं. नानांना पर्ल गुरामी फार आवडतात आणि मला रमीनोज टेट्रांचा थवा हवा होता. ड्वार्फ गुरामी घ्यायच्या नाहीत हे आधीच ठरलं, कारण त्यांच्यात एक विषाणू फार पसरलाय आणि त्यावर औषधच नाही. नानांची अट एकच होती: नवे मासे आधी वेगळ्या टाकीत, आणि ते म्हणतील तेव्हाच मोठ्या टाकीत. मला अट मान्य होती.

खरी सुरुवात मासे आणायच्या सहा आठवडे आधी झाली. १ डिसेंबर २०२४ला मी १८० रुपयांचा स्पंज फिल्टर आणला आणि मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात लावून ठेवला. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढतात, आणि कोऱ्या फिल्टरमध्ये ते वाढायला चार ते सहा आठवडे जातात. कोऱ्या स्पंजवर नवे मासे ठेवले तर रोगाआधी अमोनियाच त्यांना मारतो. ज्यांच्याकडे एक चालती टाकी आहे त्यांनी आजच एक जादा स्पंज तिच्यात टाकून ठेवावा. मासे घ्यायचे नसले तरी.

बाकी सामान कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून आणलं. दोन फुटी काचेची टाकी ९०० रुपये, ५० वॉटचा हीटर ५५०, एअर पंप ३५०, अमोनियाचं टेस्ट किट ७००. शिवाय वेगळी जाळी, वेगळा सायफनचा पाइप आणि वेगळी बादली. या तीन वस्तूंवर मी लाल चिकटपट्टी लावली आणि त्या मोठ्या टाकीजवळ न्यायच्या नाहीत असं घरात सगळ्यांना सांगितलं. ओल्या जाळीवरूनही रोग जातो. एवढा खर्च करायचा नसेल तर दुकानदाराकडे मासे येतात ती थर्माकोलची मोठी पेटीही चालते. फक्त तिच्यात बाजूने काही दिसत नाही, आणि या सगळ्या प्रकारात दिसणं महत्त्वाचं आहे. म्हणून मी काच घेतली.

टाकी बाल्कनीत, भिंतीलगतच्या ओट्यावर, खाली थर्माकोलची शीट घालून ठेवली. तळात वाळू नाही, झाडं नाहीत. लपायला दोन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, आणि मोठ्या टाकीत तयार झालेला तो स्पंज फिल्टर. पाणी भरताना बादलीने मोजून भरलं. टाकी ५६ लिटरची, पण वरून दोन-अडीच इंच रिकामी ठेवल्यावर ४५ लिटर बसलं. त्या पातळीला बाहेरून पट्टी चिकटवली. पुढचं प्रत्येक औषध आणि मीठ या ४५ लिटरच्या हिशेबानेच घातलं. टाकीवर लिहिलेले लिटर धरून औषध घातलं की मात्रा जास्त होते. क्लोरीनसाठी हायपोचे खडे, जे दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतात.

१२ जानेवारीला, रविवारी, मासे आले. बारा रमीनोज, ७० रुपयांना एक, आणि चार पर्ल गुरामी, १५० रुपयांना एक. गुरामी चेन्नईच्या कोलथूरकडून आल्याचं दुकानदाराने सांगितलं. तिथे घरोघरी सिमेंटच्या उघड्या टाक्यांत मासे वाढवतात. उघड्या पाण्यात गोगलगायी येतात, पक्षी येतात, आणि त्यांच्याबरोबर परजीवीही येतात. हा काही त्या लोकांचा दोष नाही. मासा वाढवणाऱ्याच्या टाकीतून, घाऊक गोदामातून, दुकानातून असा तीन-चार पाण्यांतून आपल्याकडे पोचतो आणि प्रत्येक ठिकाणी शंभर इतर माशांना भेटतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पिशवीबद्दल एक गोष्ट मला उपयोगी पडली. मासे पिशवीत बरेच तास असतील तर थेंब-थेंब पाणी मिसळत तासभर बसू नये. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी राहतं आणि त्यात साठलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, तापमान जुळलं की उघडून जाळीने मासे उचलले आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं. तो दिवस खाणं नाही, दिवा नाही.

रमीनोजचं नाक हा मोठा आधार आहे. मासा बरा असेल तर नाक लालभडक, ताणाखाली असेल तर फिकट. पहिल्या दिवशी बाराही फिकट होते. संक्रांतीला सकाळी पाहिलं तर आठ-नऊ लाल झालेले. घरात तिळगूळ वाटणं चालू होतं आणि मी बाल्कनीत बसून नाकं मोजत होते. त्या दिवशी अमोनिया लिटरला ०.२५ मिलिग्रॅम आला. पंधरा लिटर पाणी बदललं, खाणं अर्ध्यावर आणलं.

१६ जानेवारीला संध्याकाळी एका टेट्राच्या शेपटीवर मिठाच्या कणाएवढे दोन ठिपके दिसले. मी खोलीतला दिवा बंद करून मोबाइलच्या टॉर्चने बाजूने उजेड टाकून पाहिलं. सोनेरी भुकटी उडवल्यासारखं दिसलं असतं तर तो वेल्वेट नावाचा वेगळा रोग, त्याचे उपचार वेगळे. हे सुटे, पांढरे, उठावदार ठिपके होते. इकच. छातीत धस्स झालं, पण त्याच वेळी हेही जाणवलं की हे ठिपके मोठ्या टाकीत नाहीत, इथे बाल्कनीत आहेत.

इकचं चक्र समजून घेतलं की घाबरायला कमी होतं. ठिपका म्हणजे त्वचेखाली शिरलेला परजीवी. तिथे त्याला औषध पोचत नाही. तो मोठा होऊन गळून तळाशी पडतो, तिथे फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती मासा शोधत पोहतात. उबदार पाण्यात दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध, मीठ, काहीही, लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेवर. पाणी २४-२५ अंश असेल तर हे चक्र आठवडाभर घेतं, ३० अंशांना तीन-चार दिवसांत उरकतं. म्हणून तापमान वाढवायचं, म्हणजे परजीवी लवकर उघड्यावर येतो.

जानेवारीत आमच्या बाल्कनीतलं पाणी २४ वर होतं. हीटर दर बारा तासांनी एकेक अंश चढवत ३० वर नेला. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंपाचा जोर वाढवला. किराणा दुकानातलं खडे मीठ, लिटरला दोन ग्रॅम म्हणजे एकूण ९० ग्रॅम, तीन हप्त्यांत दीड दिवसात, आधी मगभर पाण्यात विरघळवून घातलं. मॅलाकाइट ग्रीन वापरलं नाही. टेट्रांना ते जपून द्यावं लागतं आणि माणसांसाठीही ते बरं रसायन नाही. रोज सकाळी सायफनने तळ ओढून काढायचा, म्हणजे गळून पडलेले परजीवी फुटण्याआधीच बाहेर जातात. तळात वाळू नसण्याचा फायदा इथे कळतो. पंधरा लिटर पाणी काढलं की नव्या पाण्यात ३० ग्रॅम मीठ परत. मिठाचं पाणी झाडांना घालू नका, आमच्याकडे आईंनी तुळस आधीच बाल्कनीतून आत नेली.

ठिपके आधी वाढले. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं: उपचार सुरू केल्यावर पहिले दोन-तीन दिवस ठिपके वाढतातच, कारण आत असलेले परजीवी वेगाने मोठे होत असतात. तिथे धीर सोडून दुसरं औषध ओतलं की मासे औषधाने मरतात. दोन टेट्रा गेले. २२ जानेवारीला शेवटचा ठिपका दिसला. तरी मीठ आणि उष्णता पुढे आठवडाभर तशीच चालू ठेवली.

पण गुरामींचं काहीतरी बिनसलं होतं. त्यांच्यावर ठिपके कधी आलेच नव्हते. त्यातला एक नर पाइपला अंग घासायचा, आणि त्याचा एका बाजूचा कल्ला घट्ट मिटलेला असायचा. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतातच, त्यामुळे वर येणं हे लक्षण धरता येत नाही. कल्ल्याकडेच बघावं लागतं. २४ जानेवारीला सकाळी तो नर मेलेला सापडला, पण अंग अजून ताजं होतं.

माझी एक मैत्रीण रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली आहे आणि ठाण्यात राहते. तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, फ्रीजरमध्ये ठेवू नकोस. टाकीतल्याच पाण्यात, पिशवीभोवती बर्फ ठेवून लगेच घेऊन ये. मासा मेला की परजीवी थोड्या वेळात सोडून जातात नाहीतर मरतात, मग काही दिसत नाही." रिक्षाने गेले.

तिच्याकडे साधं, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं सूक्ष्मदर्शक आहे. तिने कल्ल्याचं झाकण कात्रीने कापलं, आतल्या लाल पाकळ्यांचा नखाएवढा तुकडा काचपट्टीवर घेतला, टाकीतल्याच पाण्याचा एक थेंब, वर पातळ काच. नळाचं पाणी घेतलं तर क्लोरीनने परजीवी मरतात. कमी वर्धनाला आधी नुसते कल्ल्याचे दात दिसले, कंगव्यासारखे ओळीने. मग त्यांच्यामध्ये काहीतरी लांब झालं, आखडलं, परत लांब झालं. एक टोक आकड्यांनी घट्ट रोवलेलं, दुसरं टोक चाचपडत फिरतंय, आणि त्या टोकाशी चार काळे ठिपके. "हे डोळे," ती म्हणाली. "चार डोळे आहेत म्हणजे डॅक्टिलोगायरसच्या जातकुळीतला, कल्ल्यावरचा फ्लूक, म्हणजे चपटा कृमी. हा अंडी घालतो. त्वचेवरचा गायरोडॅक्टिलस असता तर डोळे नसते आणि पोटात पिल्लू दिसलं असतं." त्या एवढ्याशा तुकड्यात तसे सहा होते. कितीतरी वेळ मी डोळा काढलाच नाही.

अंडी घालतो, हे कळणं फार मोलाचं होतं. प्रॅझिक्वांटेल हे औषध फ्लूकला मारतं, अंड्यांना नाही. म्हणजे एकदा देऊन भागणार नाही, अंडी फुटून निघालेली पिल्लं वाढून अंडी घालायच्या आत पुन्हा द्यायचं.

आता औषध मिळवणं. मेडिकलमध्ये गेले तर दुकानदार म्हणाले, "मॅडम, चिठ्ठीशिवाय नाही देता येणार." त्यांचं बरोबर होतं. आमच्या भागातल्या एका खासगी पशुवैद्यांनी फोनवरच सांगितलं की ते फक्त कुत्री-मांजरी बघतात. मग सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. सकाळची वेळ, माझ्या पुढे दोन शेळ्या आणि एक कुत्रा. केसपेपरसाठी मालकाचं नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, प्राण्याचा प्रकार, वय, वजन अशा जागा भरायच्या होत्या. प्रकारात "इतर" लिहून पुढे "शोभिवंत मासे" लिहिलं, वजनाच्या जागी टाकीतलं पाणी, ४५ लिटर. केसपेपरचे पैसे किरकोळ. डॉक्टरांनी मोबाइलवरचा व्हिडिओ दोनदा पाहिला, जो मैत्रिणीने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावून काढला होता. "ताई, मासे माझ्याकडे येत नाहीत, पण फ्लूक ओळखता येतोय," म्हणाले, आणि लिटरला अडीच मिलिग्रॅमच्या हिशेबाने चिठ्ठी लिहून दिली. असं कुणाकडे जाणार असाल तर तीन गोष्टी न्या: व्हिडिओ, पाण्याचे नेमके लिटर, आणि आतापर्यंत काय-काय घातलं त्याची तारीखवार नोंद. समोरचा माणूस माशांचा डॉक्टर नसला तरी मग त्याला मदत करता येते.

गोळी ६०० मिलिग्रॅमची. ४५ लिटरला साधारण पाचवा हिस्सा. गोळीत औषधाशिवाय भुकटीही असते, म्हणून आधी अख्खी गोळी छोट्या वजनकाट्यावर तोलली, खलात बारीक केली आणि त्या वजनाचा पाचवा भाग घेतला. तो काटा साडेतीनशे रुपयांत मिळाला. हे औषध पाण्यात फार कमी विरघळतं. काही जण थोड्या व्होडकात विरघळवतात. आमच्या घरात ती नसते, म्हणून झाकणाच्या बाटलीत कोमट पाणी घालून खूप वेळ हलवलं आणि ते गढूळ पाणी टाकीभर फिरवून ओतलं. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढायचा, नाहीतर तो औषध शोषून घेतो.

पहिली मात्रा २९ जानेवारीला, तापमान २८ वर आणून. दुसरी ४ फेब्रुवारीला, तिसरी १० फेब्रुवारीला. प्रत्येक मात्रेआधी मोठा पाणीबदल. दुसऱ्या मात्रेनंतर पाणी दुधाळ झालं. गोळीतल्या भुकटीवर जिवाणू वाढले होते. पंप जोरात ठेवला, दोन दिवसांत निवळलं. त्याच आठवड्यात एका रात्री वीज गेली आणि पहाटेपर्यंत आलीच नाही. एअर पंप इन्व्हर्टरवर होता म्हणून निभावलं. हीटर त्यावर नव्हता, टाकीला चादर गुंडाळली.

तिसऱ्या मात्रेपर्यंत अंग घासणं थांबलं होतं, कल्ले दोन्ही बाजूंनी सारखे उघडझाप करत होते.

पुष्कळ जण याच वेळी जंतांसाठी लेव्हामिसोलही देऊन टाकतात. मी दिलं नाही. गुदद्वारातून बाहेर डोकावणारे लाल धागे, म्हणजे कॅमॅलॅनस, किंवा खाऊनही पोट खपाटीला जाणं, यातलं काही दिसलं असतं तर दिलं असतं. प्रत्येक औषधाचा यकृतावर आणि फिल्टरवर भार पडतो. माझं मत असं झालंय की विलगीकरण म्हणजे मुख्यतः वेळ आणि नजर. औषध जे दिसलं त्यावरच. कपाटातलं सगळं एकामागोमाग ओतणारे लोक मला पटत नाहीत.

मग आली सगळ्यात कठीण अवस्था: काहीही न करता थांबणं. शेवटच्या मात्रेपासून चार आठवडे तरी औषधाविना, हे मी आणि नानांनी मिळून ठरवलं होतं. यात एखादं लक्षण दिसलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मधेच नवा मासा आणून घातला तरी पहिल्यापासून. या दिवसांत हळूहळू मीठ उतरवलं, तापमान मोठ्या टाकीएवढं २७ केलं, आणि पाणी बदलताना मोठ्या टाकीतलं पाणी घालायला लागले, म्हणजे नव्या माशांना तिथल्या जिवाणूंची ओळख होते. उलट दिशेने थेंबही नाही. खायला दाणे आणि गोठवलेले ब्लडवर्म. दुकानातले जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, मी आणत नाही. ते बहुतेकदा नाल्यातून येतात, आणि मग एवढी सगळी खटपट कशासाठी?

नाना रोज चहा घेऊन बाल्कनीत जायचे. फेब्रुवारीच्या अखेरीस गुरामीतल्या उरलेल्या नराचा गळा नारिंगी झाला आणि तो पाण्यावर फेसाचं घरटं करायला लागला. नाना काही बोलले नाहीत, पण त्यांनी नातवाला बोलावून दाखवलं. मीही मैत्रिणीला लगेच फोटो पाठवला.

धुळवडीला, १४ मार्चला, खालच्या मुलांचे रंगाचे फुगे बाल्कनीपर्यंत येतात म्हणून टाकीवर झाकण आणि त्यावर प्लास्टिक बांधलं. १६ मार्चला सकाळी नाना म्हणाले, "आज सोडूया." आधी लोचना पोटभर खायला घातलं, दिवा बंद केला, आणि दहा टेट्रा व तीन गुरामी जाळीने उचलून मोठ्या टाकीत सोडल्या. बाल्कनीतलं पाणी तिथे जाऊ दिलं नाही. त्यानंतर तीन आठवडे लोचवर रोज टॉर्च मारला. काही आलं नाही. टेट्रा आता एका घोळक्यात फिरतात, नाकं लाल, आणि मोठा लोच त्यांच्या मागोमाग टाकीच्या मधल्या भागापर्यंत वर येतो, जे तो पूर्वी करत नसे.

सामान आणि मासे मिळून चार हजारांच्या थोडं वर गेले, औषध, मीठ, वजनकाटा, रिक्षा धरून आणखी हजारेक. सामान पुन्हा वापरता येणार आहे, त्यामुळे पुढच्या वेळी खर्च फक्त माशांचा. टाकी रिकामी करून ब्लीचच्या पाण्याने धुतली, दोनदा साध्या पाण्याने खंगाळली आणि जाळी, पाइप, स्पंज यांच्यासकट कडक उन्हात पूर्ण कोरडी होईपर्यंत ठेवली. इक आणि फ्लूक दोघांनाही कोरडेपणा सोसत नाही. तो स्पंज मात्र थेट मोठ्या टाकीत परत घालायचा नाही. मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात आता दुसरा, नवा स्पंज लावलाय. पावसाळ्यानंतर नानांना कोरीडोरास नावाचे मासे आणायचे आहेत.